साठ जीबी वैरण

मंगळवारी सकाळी आठ वाजता मी रजिस्टरात एक्क्याऐंशी लिहिलं आणि पेनाला टोपण लावताना मला हसू आलं.

चार महिने तो आकडा एकोणऐंशीवर बसून होता. आमच्या दूध संघाची सामाईक डिस्क किती टक्के भरली ते रविवार सोडून रोज सकाळी बघून लिहायचं, ही पद्धत माझीच. रजिस्टरही मीच पट्टीनं आखलेलं. तारीख, टक्के, कोणी पाहिलं, कोणाला कळवलं. एका दिवसात दोन टक्के वाढले म्हणजे कोणीतरी काहीतरी उघडं ठेवलेलं असणार. मी मशीनची यादी उघडली, एकेक बघत गेलो आणि सहाव्या मशीनवर सापडलं. तीनशे गावांचं दूध आणि फॅट ज्यावर चढतं, त्या संकलनाच्या मशीनवर आदल्या दिवशी काढलेला स्नॅपशॉट तसाच उभा होता. काढणाऱ्याचं नाव: ते. ऐनापुरे.

स्नॅपशॉट म्हणजे चालत्या मशीनचा त्या घडीचा फोटो. दुरुस्तीआधी काढून ठेवायचा. दुरुस्ती फसली तर त्या घडीला परत जाता येतं. पण एकदा फोटो काढला की पुढचं सगळं लिखाण मशीन जुन्या वहीत करत नाही, वेगळी वही घेतं, आणि ती वही फुगत जाते. काम झाल्यावर फोटो पुसायचा, म्हणजे दोन्ही वह्या एक होतात. पुसला नाही तर ती दुसरी वही सगळी डिस्क खाते आणि जागा संपली की मशीन जागच्या जागी थांबतं.

मी बोटांवर मोजलं. रोजचे दोन. पुढच्या शुक्रवारी शंभर. आणि शनिवारी मुलाखत.

नवा प्लँट उभा राहत होता. त्याच्यासकट सगळ्या सर्व्हर विभागाला एक प्रमुख नेमायचा होता आणि उमेदवार दोघंच होते. मी, बापूसो लोहार, नऊ वर्षं नोकरी. आणि तेजस्विनी ऐनापुरे, दोन वर्षं नोकरी.

‘कोणाला कळवलं’ हे घर मी कोरं सोडलं आणि चहाला गेलो.

डॉकवर नबीलाल मुल्ला टँकर उतरवून घेत उभा होता. संघाच्या डॉकचा सुपरवायझर तो, आवाज असा की माइक लागायचा नाही.

“काय बापू, आज लई खुशीत? बायको माहेराला गेली का काय?”

“न्हाई रं. असंच.”

“असंच कोण हसतंय? येडं नाहीतर पुढारी. तू त्यातला कुठला?”

मी चहा घेतला. दोन वर्षांत संघाच्या आवारात मला गोड लागलेला तो पहिला चहा.

आता हिच्याबद्दल मला काय होतं ते सांगतो, लपवत नाही. मी आयटीआय वायरमन. संघात लागलो ते पंखे आणि ट्यूब बघायला. कॉम्प्युटरच्या खोलीत बोर्ड बदलायला गेलो की तिथंच घोटाळायचो. एका डब्यात दहा-दहा मशीन चालवता येतात, असं काहीतरी निघालंय म्हणून ऐकलं आणि डोक्यात किडाच शिरला. भंगारबाजारातून एक जुना सर्व्हर उचलला. घरात ठेवायला जागा नव्हती म्हणून आईच्या गोठ्यात गव्हाणीशेजारी ठेवला. तिथं वायर ओढली, तिथंच बसून इंग्रजी मॅन्युअल शब्द शब्द लावत वाचलं. पहाटे धारेला आई यायची तेव्हा पंखा भणभणत असायचा.

“बापू, तुझी ही म्हस आवाज लई करती. दूध कवा देणार?”

दिलं. सहा महिन्यांनी त्या डब्यात पाच मशीन चालायला लागली. लोखंड एक, आत मशीन पाच आणि प्रत्येकाला वाटतंय की डबा आपल्या एकट्याच्याच बापाचा. मी खुळ्यासारखा एकटाच टाळ्या वाजवत होतो आणि शेजारी गाय रवंथ करत होती.

पुढं संघाची पाच खोल्यांत विखुरलेली अकरा कॉम्प्युटरं मी दोन डब्यांत आणली. एकही दिवस संकलन थांबू न देता. नावं कुणी सुचवली नाहीत म्हणून आमच्या गोठ्यातलीच दिली. गौरी, मोरी, तांबू, चांदी. संकलनाचं मशीन ढवळी, कारण आमच्याकडं सगळ्यात जास्त दूध ढवळीचं. फोनवर मी म्हणायचो, “तांबू जरा दमलीय, बसवून उठवतो,” आणि पलीकडच्याला कळायचं.

मग ही आली. चोवीस वर्षांची, सांगलीची, इंजिनियर. पहिला आठवडा मी तिला सगळं दाखवलं. वही घेऊन बसायची, मान खाली घालून लिहायची, “दादा, हे परत एकदा सांगा” म्हणायची. मला बरं वाटायचं. माझं ऐकून कोणी लिहून घेतंय असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

सहा महिन्यांत संघानं तिला पाच दिवस बेंगळुरूला ट्रेनिंगला पाठवलं. मी नऊ वर्षांत दोनदा अर्ज केला होता. “तुला कशाला ट्रेनिंग, तुला येतंयच की,” असं आमचे व्यवस्थापक भोकरे साहेब म्हणाले होते. ती परत आली ती सर्टिफिकेट घेऊन. अध्यक्षांनी ते फ्रेम करायला सांगितलं. साहेबांच्या केबिनबाहेर लावायचं ठरलं आणि भिंतीला भोक पाडायला ड्रिल घेऊन कोणाला बोलावलं? वायरमनला.

मी भोक पाडलं. लेव्हल लावून फ्रेम सरळ केली. साहेब म्हणाले, “वा बापू, हात सफाईचा आहे तुझा.”

त्यानंतर तिनं मशीनची नावं बदलली. तपासणीवाल्यांना नियमातली नावं लागतात म्हणे. ढवळीचं काहीतरी पीआरडी शून्य दोन झालं. बैठकीत तिनं जुनी-नवी यादी पडद्यावर लावली तेव्हा अध्यक्ष पोट धरून हसले. “अरे, गाईंची नावं होय! बापू, तू संघ चालवतोस का गोठा?” सगळे हसले. ती हसली नाही, हे मी तेव्हाही पाहिलं होतं. पण त्यानं मला काही बरं वाटलं नाही. उलट, हसली असती तर तिच्यावर चिडायला सोपं गेलं असतं.

तर असा तो मंगळवार.

तुम्ही म्हणाल, आणि डिस्क खरंच भरली, संकलन थांबलं, दूध नासलं तर? तेवढा मी मूर्ख नव्हतो. माझ्याकडं वैरण होती. मागं एकदा डिस्क भरून माझीच फजिती झाली होती, तेव्हापासून मी डिस्कवर साठ जीबीची एक फाइल कायम ठेवायचो. आत काही नाही, नुसती जागा अडवून बसलेली. नाव वैरण. गंजी रचून ठेवतात तशी. टंचाई आली की ती फाइल उडवायची, एका सेकंदात साठ जीबी मोकळे, मशीन चालू. कुठल्या मॅन्युअलात मी हे वाचलेलं नव्हतं आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. रजिस्टरात नाही, तिच्या वहीत नाही.

मनात सगळं ठरलं होतं. शुक्रवारी मशीन थांबेल. आरडाओरडा होईल. सर्टिफिकेटवाली पडद्यासमोर घामाघूम होईल. मग मी जाईन, शांतपणे, कोणाला न सांगता वैरण उडवीन, मशीन उठेल आणि मग साहेबांना दाखवीन: हा बघा स्नॅपशॉट, हे बघा नाव. दहा मिनिटांचा खेळ. दूध एक लिटर नासणार नाही.

बुधवारी त्र्याऐंशी. गुरुवारी पंच्याऐंशी. रोज सकाळी मी आकडा लिहायचो, ‘पाहिलं’च्या घरात सही करायचो, पुढचं घर सोडायचो. खोटा आकडा लिहावा असं एकदाही मनात आलं नाही. रजिस्टरात खोटं लिहिणाऱ्यांतला मी नव्हे, याचा मला तेव्हाही तोरा होता.

गुरुवारी अकराच्या सुमाराला ती माझ्या टेबलापाशी आली.

“दादा, एक विचारायचं होतं.”

“जेवतोय मी.”

माझा डबा टेबलावर बंद होता. तिनं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“बरं. नंतर येते.”

नंतर आली तेव्हा मी फोन कानाला लावला. पलीकडं कोणी नव्हतं.

शुक्रवारी सत्त्याऐंशी. शनिवारी एकोणनव्वद. शनिवारी दुपारी मी निघायच्या बेतात असताना तिनं मला दारातच गाठलं. रविवारची ड्यूटी तिची होती.

“दादा, डिस्क भरत चाललीय हो. नव्वदला आली.”

कळलं वाटतं हिला.

“भरणारच,” मी म्हणालो. “काम वाढलंय.”

“मी उद्या जरा सफाई करावी म्हणते. जुन्या फाइली काढते. ती एक वैरण नावाची फाइल आहे बघा, साठ जीबीची. आत उघडून बघितलं तर नुसतीच रिकामी. कसली ती? तुमची आहे का?”

दाराच्या चौकटीला हात लावून मी उभा होतो. बाहेर नबीलाल कुणाला तरी आईवरून शिव्या देत होता. दोन गोष्टी मी सांगू शकत होतो. एक म्हणजे, फाइल माझी आहे, हात लावू नकोस, आणि का ठेवलीय तेही ऐक. दुसरी, जागा फाइलींनी खाल्लेली नाही बाई, तुझ्या स्नॅपशॉटनं खाल्लीय. दोन्ही वाक्यं जिभेवर होती.

पण ‘माझी’ म्हटलं की ‘कशाला’ आलं. ‘कशाला’ सांगितलं की ते वहीत गेलं. आणि वहीत गेलं की पुढच्या बैठकीत पडद्यावर, तिच्या तोंडून. माझ्यापाशी राहिलेलं एवढं एकच होतं.

“माझी कशाला असंल,” मी म्हणालो. “असंल जुना कचरा.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

ती काढेल असं मला वाटलंच नाही. सरकारी खात्यासारखा आमचा संघ. आमच्याकडं कोणी विचारल्याशिवाय खुर्ची हलवत नाही. पण तिनं विचारलं होतं की.

सोमवारी मी आलो. रविवार धरून त्र्याण्णव व्हायला हवे होते. पडद्यावर नव्वद.

मी तो आकडा परत परत वाचला आणि चिडलो. काय नशीब घेऊन आलीय ही, म्हटलं. रविवारी पत्रकं निघत नाहीत, त्यामुळं लिखाण कमी झालं असणार. हिला डिस्कसुद्धा सवलत देते. एवढंच डोक्यात आलं. दोन हजार जीबीच्या डिस्कचे तीन टक्के म्हणजे बरोबर साठ जीबी, हा गुणाकार शाळेतल्या पोरानं केला असता. मी केला नाही. मी नव्वद लिहिलं आणि सही केली.

ब्याण्णव. चौऱ्याण्णव. शहाण्णव.

बुधवारी भोकरे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

“बापू, शनिवारी काय ते होईल. मनावर घेऊ नकोस.”

“काय मनावर घ्यायचं, साहेब?”

“अध्यक्षांचा कल तुला माहीत आहे. मुलगी शिकलेली आहे, चार लोकांपुढं बोलते. तू काय, आपला घरचाच आहेस.”

“घरचा म्हणजे?”

“म्हणजे तू कुठं जाणार आहेस?” साहेब हसले. त्यांना ते प्रेमानं म्हणायचं होतं, शपथेवर सांगतो. बाहेर पडलो तर समोर ती फ्रेम. मीच लावलेली. एक दोरा इकडं-तिकडं नाही.

शुक्रवारी सकाळी आठला अठ्ठ्याण्णव. लिहिलं. सही केली. त्या दिवशी दहा दिवसांच्या दूधबिलाचं पत्रक निघायचं होतं, म्हणजे लिखाण भरपूर. मी खुर्ची दाराकडं वळवून बसलो.

नऊ वाजून वीस मिनिटांनी नबीलाल आला. तो दारात यायच्या आधी त्याचा आवाज आला.

“ए बापू! ताई! मशीन मेलं! फॅट चढंना! माझ्याकडं सात टँकर उभं हायती, मागं रस्त्यापतूर रांग लागलीया! दूध काय ओंजळीत धरू?”

तेजस्विनी पडद्यापाशी पोचली होती. तांबडी पट्टी: जागा संपली, मशीन थांबवलं आहे. मला वाटलं होतं तशी ती घामाघूम झाली नाही. पण रंग उतरला. ओठ हलत होते, काहीतरी मोजत होती.

भोकरे साहेब धावत आले. “काय झालं? मॅडम? बापू? अध्यक्षांचा फोन येतोय माझ्यावर!”

मी खुर्चीवरून सावकाश उठलो. बाह्या सरसावल्या. नऊ वर्षांत असा क्षण माझ्या वाट्याला आला नव्हता.

“बाजूला हो जरा,” मी तिला म्हणालो. “पाच मिनिटं द्या, साहेब. कोणी बोलू नका.”

डिस्क उघडली. फाइलींची यादी आली. खाली गेलो. परत वर आलो. नावानं शोधलं. वैरण नव्हती.

“काय झालं?” साहेब म्हणाले.

मी परत शोधलं. दुसरीकडं असेल म्हणून दुसरा फोल्डर उघडला. तिसरा उघडला. माझ्या मानेमागं चार माणसांचा श्वास लागत होता.

“दादा, काय शोधताय?”

“इथं एक फाइल होती.”

“कुठली?”

मी चौथा फोल्डर उघडला.

“वैरण का?” ती म्हणाली. “ती रविवारी मी काढली. तुम्हीच म्हणालात ना, कचरा असेल म्हणून?”

नबीलाल म्हणाला, “वैरण? आता ह्यात वैरण कुठनं आली?” आणि कोणी हसलं नाही.

माझे हात की-बोर्डवर होते आणि मला पुढचं काही सुचेना. खोटं नाही सांगत, काही म्हणजे काही नाही. दहा दिवस मी एकाच चित्रात राहत होतो. त्या चित्राबाहेर काय करायचं याचा विचारच केला नव्हता. स्नॅपशॉट पुसायला घ्यावा तर दोन वह्या एक करायलासुद्धा जागा लागते आणि जागा तर शून्य.

“दादा, सरका,” ती म्हणाली. यावेळी विचारलं नाही.

ती बसली. यादीवरून बोट फिरवत थांबली. “मोरी,” ती म्हणाली. नियमातलं नाव नाही घेतलं, मोरी म्हणाली. “मोरीवर आज कोणी काम करतंय?”

मोरी म्हणजे सरावाचं मशीन. तिच्यावर कोणाचंच काही अडलेलं नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो.

तिनं मोरी बंद केली. मशीन चालू असतं तोवर डिस्कवर स्वतःच्या मेमरीएवढी जागा अडवून ठेवतं. बंद केलं की सोडतं. चौसष्ट जीबी मोकळे झाले. तिनं ढवळीपुढचं ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाबलं. तांबडी पट्टी गेली. डॉकवरून कोणीतरी ओरडलं, चढायला लागलं म्हणून. नबीलाल पळाला.

“हे कुठं शिकलात हो, मॅडम?” साहेब म्हणाले. “बेंगळुरूला?”

“नाही, साहेब. दादांनीच सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात.” तिनं टेबलावरची वही उचलून एक जुनं पान काढलं. “हे बघा. ‘बसलेली म्हैस उठवली की तेवढा गोठा रिकामा.’ दादांचंच वाक्य आहे.”

मला ते वाक्य आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

साहेबांनी घाम पुसला. “पण हे झालं कशानं? आयत्या वेळी डिस्क भरते म्हणजे काय?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच बोलली.

“माझी चूक आहे, साहेब. गेल्या आठवड्यात सोमवारी कंपनीचा माणूस प्रोग्रॅम बदलायला आला होता, तेव्हा मी स्नॅपशॉट काढला. तो तसाच राहिला. एवढा फुगेल असं वाटलं नाही मला. ट्रेनिंगमध्ये आम्ही काढायचो तो वाढायचाच नाही. तिथल्या मशीनवर कोणाचं दूधच येत नव्हतं ना.”

“मग काढून का नाही टाकलात?”

“काढताना मशीन मंद होतं. संकलनाच्या वेळात काढू का रविवारी, हे दादांना विचारायचं होतं. दोनदा गेले होते. दादा कामात होते.”

साहेब माझ्याकडं वळले. बोलता बोलता तेजस्विनीनं जागेचा आकडा लिहायला रजिस्टर ओढलं होतं. तिनं पान उघडलं. ते पान मला उलटं दिसत होतं, पण उलटं असलं तरी माझं अक्षर मला ओळखू येणारच. एक्क्याऐंशी, त्र्याऐंशी, पंच्याऐंशी. खाली खाली. प्रत्येकापुढं सही. आणि सहीच्या पुढं दहा कोरी घरं, पट्टीनं आखलेली.

तिचं बोट वरून खाली गेलं. एकदाच. मग वर आलं आणि पहिल्या मंगळवारवर थांबलं.

“बापू,” साहेब म्हणाले, “तुला हे दिसलं नव्हतं का रे? तू रोज बघतोस ना?”

“नाही, साहेब,” मी म्हणालो.

तिनं मान वर केली. माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी ही गोष्ट कधी लिहिली नसती. शाळेत एखाद्या मुलाची पाटी बघून मास्तरीण बघते तसं ती बघत होती. बेरीज चुकलीय, आणि पोराला येत नव्हती म्हणून चुकलेली नाही, हे कळल्यावर बघतात तसं.

मग तिनं रजिस्टर मिटलं. वर हात ठेवला.

“काय आहे त्यात?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही, साहेब. रोजचे आकडे.”

शनिवारी मुलाखत झाली. तिनं तिथंही तेच सांगितलं म्हणे, चूक माझी. अध्यक्षांना सात टँकरांची रांग विसरता येण्यासारखी नव्हती. जागा मला मिळाली. नबीलालनं डॉकवर पेढे वाटले आणि वर म्हणाला, “आता तरी हस की रं, त्या दिवशी हसत होतास तसं.”

तीन महिन्यांनी ती गेली. हैदराबादला, मोठ्या कंपनीत. जाताना माझ्या पाया पडायला वाकली आणि मी मागं सरकलो. “दादा, गोठा सांभाळा,” एवढंच म्हणाली. आता ती अशा ठिकाणी आहे जिथं हजारो मशीन एका हाताखाली असतात. मोठ्या सभागृहात, अंगावर कोट, मागं पडदा, असे तिचे फोटो येतात. मी ते मोठे करून बघतो. जळतो. हो, अजून. बारा वर्षांनी, प्रमुखाच्या खुर्चीत बसून जळतो.

पण त्या शुक्रवारचं थोडं राहिलं.

दुसऱ्या दिवशी, मुलाखतीच्या सकाळी, मी आठला आलो तर ती आधीच येऊन गेली होती. स्नॅपशॉट आदल्या दुपारी संकलन थांबल्यावर तिनं पुसला होता. रजिस्टर टेबलावर उघडं होतं आणि माझ्या दहा ओळींखाली तिच्या बारीक, सरळ अक्षरात अकरावी ओळ होती.

टक्के: ७९. वैरण साठ जीबी परत ठेवली आहे. जागा संपली तर आधी ही काढायची. पाहिलं: ते. ऐनापुरे. कळवलं: बापूदादा.

कशासाठी असते ती फाइल, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मी ती शोधत असताना माझा चेहरा बघून तिनं ओळखलं असणार.

ते रजिस्टर भरून किती वर्षं झाली. नवी रजिस्टरं आली, आता तर सगळं आपोआप कळतं, फोनवर निरोप येतो. जुनी रजिस्टरं रद्दीत घालायला काढली तेव्हा ते एक मी घरी आणलं. गोठ्यात, जुन्या डब्यावर ठेवलंय. कधीतरी उघडतो. दहा घरं कोरी आहेत. पेन खिशात असतं. कोणाचं नाव लिहायचं हे मला माहीत आहे, आणि आता लिहिलं तर ते खोटं होईल. रजिस्टरात खोटं लिहिणाऱ्यांतला मी नव्हे.